शून्य तक्रारींचं कॉलेज

ॲडमिशनच्या दिवसांत पुण्यातल्या हॉस्टेलांच्या फाटकापाशी ठरलेली चौकशी चालते. वॉचमन आहे ना? कॅमेरे कुठे कुठे? रात्री फाटक किती वाजता बंद होतं? लातूरहून, साताऱ्याहून आलेले वडील एवढं विचारतात, रेक्टरांचा नंबर घेतात आणि बऱ्यापैकी निश्चिंत मनाने एसटीत बसतात. प्रश्न चुकीचे नाहीत, पण सगळे भिंतीपलीकडच्या माणसाबद्दलचे आहेत.

‘धोका बाहेरच्यांपासून असतो.’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. जून २०२३मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात अकोल्याची एक विद्यार्थिनी तिच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. पोलिसांचा संशय वसतिगृहातल्याच पहारेकऱ्यावर होता. त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर मिळाला. ज्याच्या भरवशावर फाटक, संशय त्याच्यावरच.

मुलींचं फाटक रात्री ९ वाजता बंद आणि मुलांचं रात्रभर उघडं, ही सोय तर नियमातही बसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमावलीनुसार सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येत नाहीत. हे वाचून पुष्कळ पालक नाराज होतील, याची कल्पना आहे.

‘तिथे एकही तक्रार नाही, म्हणजे कॉलेज चांगलं.’

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात ५ एप्रिल १९८६ रोजी जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार त्याच विद्यापीठात शिकत होता. इमारतीची दारं आपोआप बंद होणारी होती, पण येणंजाणं सोपं व्हावं म्हणून राहणाऱ्यांनीच खोकी अडकवून ती उघडी ठेवली होती. मागच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते, हे आईवडिलांना मुलगी गेल्यावर कळलं. त्यांच्या लढ्यातून १९९०चा कायदा आला. सरकारी अर्थसाहाय्याच्या योजनांत असलेल्या तिथल्या कॉलेजांना आता दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत आदल्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. मुलाला तिकडे पाठवणाऱ्या मराठी घरांत फी आणि रँकिंगचा अभ्यास होतो, हा फुकट मिळणारा अहवाल मात्र क्वचितच उघडला जातो.

तो उघडलाच, तर मोठा आकडा पाहून लगेच घाबरू नये. काही ठिकाणी गुन्हे खरोखर जास्त असतील, काही ठिकाणी मुलं बिनधास्त तक्रार करत असतील. हजारो मुलांच्या आवारात वर्षानुवर्षं शून्य दिसत असेल, तर तिथे तक्रार नेमकी कुठे अडते, हे विचारायला हवं.

आपल्याकडे ती अडते अशी. ज्याला सगळे अजूनही विशाखा समिती म्हणतात, त्या अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी अर्ज करावा लागतो. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ म्हणताना हे दिवस सरतात. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी सदस्यही हवेत, आणि चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. घटना आवाराबाहेर घडली म्हणून समितीला हात झटकता येत नाहीत, कारण शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, स्नेहसंमेलन, कॉलेजची बस हे सगळं त्याच २०१५च्या नियमावलीच्या दृष्टीने आवारच. तक्रार मुलगाही करू शकतो.

‘इंट्रो म्हणजे रॅगिंग नव्हे.’

महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा आहे. चिडवणं, थट्टा करणं, एरवी जे कुणी राजीखुशीने करणार नाही ते करायला लावणं, हे सगळं त्याच्या व्याख्येत येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्यांनी दुर्लक्ष केलं, तर तेच गुन्ह्याला साथ दिल्यासारखं धरलं जातं. कॉलेजात कुणी दाद देत नसेल, तर १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची हेल्पलाइन आहे.

‘हा भाग आमच्या हद्दीत येत नाही.’

पोलीस ठाण्यात हे वाक्य ऐकून परत फिरू नये. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये घटना कुठेही घडली तरी माहिती नोंदवायची तरतूद आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. माहिती ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाव पेपरात येईल या धास्तीने घरचे लैंगिक अत्याचाराची तक्रार दाबतात, पण पीडितेची ओळख उघड करणं हाच दखलपात्र गुन्हा आहे.

‘आमची पोरं मोबाइलमध्ये हुशार आहेत.’

ॲप चालवण्यात हुशार, हे खरं. पण ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं ओळखीचा सीनियर म्हणतो आणि मुलगा पासबुक, एटीएम कार्ड, सिम काढून देतो. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले की पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराकडे. खाजगी फोटोंवरून धमकी आली तर पैसे देऊन ती थांबत नाही, आकडा तेवढा वाढतो. चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते.

फसतात ते पालकसुद्धा. ‘तुमचा मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये पकडलाय, प्रकरण मिटवायचं तर पैसे पाठवा’ असा पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल येतो, मागे रडण्याचा आवाज असतो. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून मुलाला लावावा. त्याने उचलला नाही, तर रूममेटला. म्हणून ॲडमिशनच्या दिवशी रेक्टरांच्या नंबरासोबत रूममेटचाही घ्यावा.