बाळाच्या मुठीतला घास

मूल सहा महिन्यांचे झाले की ते मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून पाहू लागते, भाकरीकडे हात लांबवते. याच वयात आईच्या दुधाला अन्नाची जोड द्यावी आणि दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे पहिले अन्न कोणते असावे व कसे द्यावे, याविषयी किलवणी परिसरातील मातांसाठी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

विषय घरगुती असला तरी क्षुल्लक नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दादरा-नगर हवेलीतील पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ८४ बालकांत रक्त कमी आढळले. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो. अशा वेळी चहात बुडवलेले बिस्किट हाती दिले तर पोट भरते, रक्त मात्र वाढत नाही. उलट चहामुळे अन्नातले लोहही अंगी लागत नाही.

बाळाला भरवण्याऐवजी मऊ तुकडे त्याच्या हाती द्यावेत, या रीतीचा इंग्लंडमधील आरोग्यसेविका गिल रॅप्ली यांनी पुरस्कार केला व २००८ साली त्यावर पुस्तक लिहिले. हाताने जेवणाऱ्या आपल्या घरांना ती परकी वाटू नये. १९२० च्या दशकात अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकत्याच अन्न खाऊ लागलेल्या बालकांपुढे साधे, बिनमिठाचे पदार्थ ठेवून निवड त्यांच्यावर सोपवली. मुले चांगली वाढली. परंतु पुढे ठेवलेला प्रत्येक पदार्थ सकस होता, हे विसरता कामा नये. किती खावे हे बाळ ठरवील. ताटात काय ठेवावे हे आईनेच ठरवावे.

यासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. नागलीच्या पिठात तेवढाच उकडून कुस्करलेला लाल भोपळा मिसळावा, बोटाएवढे मुटके वळून चाळणीवर पंधरा मिनिटे वाफवावेत. नागलीत चुना, म्हणजे कॅल्शियम, तांदळाच्या कितीतरी पट असते. रताळ्याच्या उकडलेल्या फोडी, पिकलेले केळे, पपईच्या मऊ फाका, मऊ भात व घट्ट तूरडाळ यांचे मुटके हेही चांगले. लोहासाठी कोंबडीची मऊ शिजवलेली कलेजी आठवड्यातून एकदा थोडी द्यावी. पूर्ण शिजलेल्या अंड्याच्या पट्ट्या आणि काटे नीट काढलेली मासळीही द्यावी. डाळीत लिंबाचे दोन थेंब पिळले की तिच्यातले लोह अधिक अंगी लागते. पहिल्या वर्षात मीठ, साखर व गूळ टाळावा. मध तर मुळीच देऊ नये.

तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब असावा आणि दोन बोटांच्या चिमटीत सहज चिरडावा. आधार देऊन बसवले असता बाळाची मान स्थिर राहत असेल तरच ही रीत सुरू करावी. बाळाला ताठ बसवावे, निजवून कधीही खाऊ घालू नये, आणि क्षणभरही एकटे सोडू नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, कच्चे गाजर ही धोक्याची होत. उमासा येऊन बाळ आवाज करीत असेल तर बहुधा ते स्वतःच घास बाहेर काढते. आवाजच बंद झाला, खोकता येईना, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर तळव्याने पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने न सुटल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. घास सुटेपर्यंत हे आलटूनपालटून करावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने मदत बोलवावी.

आरंभी बाळ खाण्यापेक्षा सांडीलच अधिक. म्हणून सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा घट्ट खिमट किंवा कुस्करलेला वरणभातही चमच्याने द्यावा. अपुऱ्या दिवसांच्या वा अशक्त बाळाविषयी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि आरोग्यसेविकेने दिलेले लोहाचे औषध चुकवू नये.

घरच्या चुलीवर रोज शिजते त्यातूनच मिठाआधी बाळाचा वाटा काढून ठेवावा. एवढी सवय घरोघर लागली, तर आपल्या मुलांच्या फिकट गालांवर रक्त चढण्यास मोठा हातभार लागेल, असा आम्हांस भरवसा वाटतो.