आतड्याचा जुनाट विकार आणि मोबाइल : ॲप नेमके कोणासाठी?

सार्वजनिक स्वच्छतागृहे मोबाइलच्या नकाशावर दाखविण्याचा उपक्रम केंद्रीय नगरविकास मंत्रालय आणि गुगल यांनी डिसेंबर २०१६ मध्ये हाती घेतला. त्यासाठी दिल्ली परिसराबरोबर इंदूर आणि भोपाळ या शहरांची निवड झाली होती. स्वच्छतेत पुढे देशात अव्वल ठरलेल्या इंदूरमध्ये ही नागरिकांची एक सोय होती. आतड्याच्या जुनाट दाहाने ग्रासलेल्या माणसाला मात्र घराबाहेर पडण्याआधी हीच माहिती सर्वप्रथम लागते. दूरस्थ देखरेखीच्या ॲपची आखणी नेमकी कोणाच्या गरजेवरून व्हावी, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

विकाराचे स्वरूप

या विकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला दाह होतो आणि व्रण पडतात. क्रोन्स विकार मुखापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही उद्भवू शकतो. जगभरात २०१७ मध्ये अशा रुग्णांची संख्या सुमारे ६८ लाख असल्याचा अंदाज आहे. रक्तमिश्रित शौच, पोटात मुरडा, थकवा आणि वजन घटणे ही त्याची लक्षणे. विकार बहुधा तरुणपणी जडतो व आयुष्यभर सोबत राहतो. काही महिने सुखाचे जातात आणि मग अचानक उचल होते. ही उचल डॉक्टरांच्या भेटीची तारीख पाहून येत नाही. खरगोन, बडवानी किंवा झाबुआहून इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात यायचे तर शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. आणि ज्याला कळ येताच धावावे लागते, त्याच्यासाठी प्रवास हीच मोठी परीक्षा असते.

अनुभव काय सांगतो?

डेन्मार्क व आयर्लंडमधील ३३३ रुग्णांवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावरून लक्षणे नोंदवून मार्गदर्शनानुसार स्वतः औषध वाढविणाऱ्या डॅनिश रुग्णांत उचल सरासरी १८ दिवसांत शमली. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत त्यासाठी ७७ दिवस लागले. नेदरलँड्समध्ये ९०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तेथे रुग्णाला महिन्यातून एकदा प्रश्न विचारले जात आणि उचल असताना दर आठवड्याला. वर्षभरात बाह्यरुग्ण विभागातील फेऱ्या नेहमीच्या उपचारांतील सरासरी २.३४ च्या तुलनेत १.५५ राहिल्या, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही निम्मे राहिले. अमेरिकेतील ३४८ रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीत मात्र केवळ संदेशांद्वारे लक्षणे विचारून विकाराच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. यावरून एवढे कळते की, फोन हाती देणे पुरेसे नाही. काय विचारले जाते, केव्हा विचारले जाते आणि उत्तराचे पुढे काय होते, यावर सारे अवलंबून आहे.

रुग्णाला काय हवे?

पहिली गरज भाषेची. ‘किती वेळा शौचास झाले’ एवढ्याने भागत नाही. आव पडली का, रात्री झोपेतून उठावे लागले का, स्वच्छतागृहापर्यंत पोहोचेस्तोवर धीर धरता आला का, हे रुग्णाच्या रोजच्या शब्दांत विचारायला हवे. बोलायला संकोच वाटतो तेथे चित्र मदतीला येते. शौचाचे सात प्रकार चित्रांनी दाखविणारा ब्रिस्टल तक्ता यासाठीच उपयोगी ठरतो.

दुसरी गरज आहाराच्या नोंदीची. पाश्चात्त्य ॲपच्या यादीत पाव-चीज सापडते. इंदूरचे पोहे-जिलबी किंवा गोव्याची माशांची हुमण-शीत सापडले नाही, तर ती नोंद चार दिवसांत बंद पडते.

तिसरी गरज निवांतपणाची. बरे वाटत असताना रोज आजाराची आठवण करून देणारे ॲप नकोसे होते. डच पद्धतीतील महिन्याचा आणि आठवड्याचा भेद म्हणूनच महत्त्वाचा.

चौथी गरज खात्रीची. लक्षणे नसतानाही आत दाह धुमसत असू शकतो, विशेषतः क्रोन्समध्ये. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या तपासणीने तो ओळखता येतो. त्यामुळे ही तपासणी केव्हा करायची, याची आठवणही ॲपने द्यावी. भारतात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात की निदानात गफलत होऊ शकते. शिवाय प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे सुप्त क्षयरोग डोके वर काढू शकतो. अशा रुग्णाने ताप किंवा रात्रीचा घाम नोंदवला, तर ती नोंद थेट डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे.

पाचवी गरज गोपनीयतेची. अनेक घरांत एकच फोन चौघांच्या हाती असतो. लग्न ठरायच्या वयातील मुलीच्या शौचाची नोंद पडद्यावर उघडी दिसणे तिला परवडणारे नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण साधे कुलूप आणि आजाराचे नाव न दाखवणारी सूचना यांचे मोल तिच्यासाठी त्याहून कमी नाही.

गोव्यासाठी बोध

दूरध्वनी, चित्रफीत किंवा संदेशाद्वारे सल्ला देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे देशात मार्च २०२० पासून लागू आहेत. गोवा लहान असला, तरी काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याहून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात यायचे म्हणजे आजारी माणसाचा अख्खा दिवस जातो. पुढे कोणी असे ॲप येथे आणले, तर नोंद वाचणारी परिचारिका किंवा डॉक्टर पलीकडे आहे का, हे आधी विचारावे. दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि सोबत ताप किंवा नाडीचे जलद ठोके असतील, तर ॲपवर नोंद करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. बरे वाटले म्हणून परस्पर औषध थांबवणेही टाळावे. रुग्णाची खरी मागणी साधी आहे : बसमध्ये निर्धास्त बसता यावे, लग्नकार्याला जाता यावे, नोकरी टिकावी. यातले काही साधते का, याच कसोटीवर अशा ॲपची पारख व्हायला हवी.