वाहत्या नदीकाठीही मोजून पाणी

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा आपले सहकारी हजरत साद यांच्याजवळून जात होते. साद वजू करत होते, म्हणजे नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धूत होते आणि पाणी जरा सैल हाताने वापरत होते. ही उधळपट्टी कशासाठी, असे प्रेषितांनी विचारले. वजूच्या पाण्यातही उधळपट्टी असते का, असे सादांनी विचारताच उत्तर मिळाले की, वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी असते. 'इब्न माजा' या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. स्वतः प्रेषित वजूला एक 'मुद' पाणी वापरत, असे 'बुखारी'त नोंदले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या मापात लिटरपेक्षा कमीच.

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावाला ही गोष्ट नेमकी लागू पडते. तालुक्याला घोड नदी आहे, चिंचणीचे घोड धरण आहे, तरीही मुलूख पर्जन्यछायेचा. पावसाने दगा दिला की नदी असूनही हंडे रिकामे. याच नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडला. पुराचे पाणी वळवून साठवायची अक्कल इथल्या माणसाला तेव्हापासून आहे. नळ आला आणि ती थोडी विसरली गेली, इतकेच.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ वजूच्या वेळी दोन मिनिटे उघडा राहिला, तर बारा लिटर गेले. दिवसातून पाच वेळा, म्हणजे साठ लिटर. तेच लिटरभराच्या लोट्याने केले तर पाच लिटरमध्ये भागते. तीस रोज्यांत एका माणसामागे साडेसोळाशे लिटर वाचतात. सहा जणांनी मनावर घेतले की दहा हजार लिटरचा एक टँकर वाचला! आजोबांच्या काळातला तोटीचा लोटा बहुतेक घरांत अजून माळ्यावर पडून असेल. तो खाली काढायला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. वजूच्या पाण्यात साबण नसतो. वजूखान्याचे पाणी गटारात सोडण्याऐवजी पाइप टाकून आवारातल्या झाडांकडे वळवले, तर भर उन्हाळ्यात कडुनिंब, शेवगा हिरवा राहतो. मंदिराच्या, शाळेच्या हातपाय धुण्याच्या नळालाही हेच लागू आहे.

इफ्तारचे, म्हणजे रोजा सोडण्याचे, तसेच. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग मागे सोडायचा, हे विचित्रच दिसते. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा ताटल्यांवर बंदी आहे, पण कार्यक्रम आला की त्या कुठून तरी उगवतात. गावात लग्नाची भांडी भाड्याने मिळतात, पळसाच्या पत्रावळी अजून मिळतात. शिवाय दस्तरखानावर एका मोठ्या थाळीभोवती चौघांनी बसून जेवण्याची जुनी रीत आहेच. तिच्यात भांडीही कमी घासावी लागतात आणि ताटात टाकलेलेही कमी राहते. खजुराच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना मात्र घरातल्या बायका कधीच फेकत नाहीत. वर्षभर त्यात मसाला राहतो.

उधळपट्टी जशी पाण्याची तशी पेट्रोलचीही. ईदच्या खरेदीला शिरूरला जाताना एका घरातून दोन मोटारसायकली निघतात, त्याही दोन वेळा, कारण एकदा कपडे आणि एकदा शेवया, सुकामेवा. यादी करून एकाच फेरीत, एसटीने किंवा शेजाऱ्यांबरोबर एका गाडीत जाता येते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे. पिशवीभर खरेदीसाठी हा फायदा थोडा नाही. एसटीशी या भागाचे नाते तर जुने आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला धावली. शिरूर त्याच रस्त्यावरचे. आणि १ जून २०२२ ला एसटीची पहिली 'शिवाई' ही विजेवर चालणारी बसही पुणे ते नगर याच मार्गावर सुरू झाली. बसला शिरूरच्या स्थानकात उतरायचे, कापडी पिशव्या भरायच्या आणि इफ्तारच्या आत घरी परतायचे, एवढे वेळापत्रक जमवले की झाले.