उष्ण योग आणि नवखा साधक

वैशाखांतील भर दुपारीं दौंड जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसास कोणी सांगितलें कीं, परदेशांत लोक पैसे मोजून एवढ्याच उकाड्यांत आसनें करितात, तर त्याला ती थट्टाच वाटेल. भीमाकांठचें दौंड आणि घोडनदीकांठचें शिरूर हीं दोन्ही गांवें पर्जन्यछायेंतलीं. चैत्र-वैशाखांत तेथें पारा सहज चाळिशीच्या आसपास जातो. ‘उष्ण योगा’ची खोली तापवितात तीहि जवळजवळ तितकीच, म्हणजे सुमारें ४० अंश सेंटिग्रेडपर्यंत. फरक असतो तो हवेंतील ओलाव्याचा; पण तो क्षुल्लक नाहीं.

या पद्धतीचें मूळ कलकत्त्याचें. परमहंस योगानंदांचे बंधु विष्णुचरण घोष यांच्या परंपरेंत शिकलेले विक्रम चौधरी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ती अमेरिकेंत रूढ केली. २६ आसनें, श्वसनाचे २ प्रकार आणि अवधि ९० मिनिटांचा, असा तिचा ठराविक क्रम आहे. या क्रमावर कोणाचाहि स्वामित्वहक्क चालणार नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयानें २०१५ सालीं दिला. आसनांच्या मालकीचा वाद कोर्टांत जावा, हें पतंजलीच्या देशांत जरा चमत्कारिकच वाटेल.

अंग ताठलेला मनुष्य या वर्गाकडे वळतो तो लवचिकपणाच्या आशेनें. आणि ती आशा अगदींच निराधार नाहीं. दौंड तालुक्यांतील गुऱ्हाळांत कढईंतला पाक ऊन असेतों वाहता असतो; निवाला कीं त्याची ढेप बनते. स्नायूंचेंहि कांहींसें असेंच आहे. तापलेला स्नायु कमी ताणांत अधिक लांबतो. परंतु ही सैलाई उसनी असते. अंग निवलें कीं ती बरीचशी ओसरते. टिकाऊ लवचिकपणा सरावानेंच येतो, आणि त्यांतहि पहिल्या कांहीं आठवड्यांत स्नायूची लांबी फारशी वाढत नाहीं. वाढते ती ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी. नवख्याचा घात होतो तो येथेंच. उष्णतेनें दुखण्याचा इशारा मंदावतो, शेजारचा साधक पायाचा आंगठा लीलया धरतांना दिसतो, आणि हा ईर्ष्येनें आणखी वाकतो. मांडीमागचा स्नायु किंवा गुडघ्याचा बंध दुखावला आहे, हें त्याला कळतें तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं.

अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासांत आठ आठवड्यांच्या २४ वर्गांनंतर तरुण साधकांची पाठ व मांडीमागचे स्नायु अधिक लवचिक झालेले आढळले. तथापि टेक्ससमध्यें केलेल्या आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत हींच आसनें एका गटानें ४०.५ अंशांत व दुसऱ्यानें २३ अंशांत बारा आठवडे केलीं. रक्तवाहिन्यांचें कार्य दोन्ही गटांत सुधारलें! म्हणजे निदान त्या लाभासाठीं तरी उष्णतेची गरज नव्हती.

घाम नुसता गळल्यानें अंग निवत नाहीं. तो वाळला म्हणजे निवतें. ओलसर बंद खोलींत घाम गळतो पण वाळत नाहीं, म्हणून शरीराचें तापमान चढतें. दौंड-शिरूरच्या कोरड्या झळांत तो इतक्या लवकर वाळतो कीं, किती पाणी गेलें याचा पत्ताहि लागत नाहीं. पत्र्याच्या खोलींत दारें लावून मे महिन्यांत घरगुती ‘उष्ण योग’ करण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्यावी. घेरंडसंहितेनेंहि ग्रीष्मांत योगारंभ वर्ज्य सांगून त्यासाठीं वसंत व शरद हे ऋतु दिले आहेत.

शिरूरच्या गृहस्थानें आश्विनांत पहाटे सूर्यनमस्कारांनीं अंग ऊन करावें. खोली तापविण्याचें कारण नाहीं. मग वीस मिनिटें सोपीं आसनें. १९३७ सालीं पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनीं पट्टा, वीट, खुर्ची यांचा जो उपयोग रूढ केला, तो ताठ अंगाच्या माणसास फार मोलाचा आहे. पश्चिमोत्तानासनांत हात पोंचत नसल्यास पावलांभोंवतीं पट्टा घालावा, पाठ सरळ ठेवावी, आणि श्वास अडखळूं लागतांच थांबावें.

दोन-तीन महिन्यांच्या अशा सरावानंतर पुण्यास उष्ण वर्गाला जावयाचें झाल्यास आधीं पाणी प्यावें, पोट हलकें ठेवावें, दाराजवळ बसावें आणि पहिल्या दिवशीं निम्मीच आसनें करावींत. गरोदर स्त्रिया, हृद्रोगी, रक्तदाबावर किंवा लघवी वाढविणारीं औषधें घेणारे यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून तेथें पाऊल टाकूं नये. घेरी किंवा मळमळ आली, तर तत्काळ बाहेर थंड जागीं पडावें. बोलण्यांत गोंधळ दिसूं लागला किंवा शुद्ध हरपूं लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि त्या माणसाला तसेंच इस्पितळांत न्यावें. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी मात्र घालूं नये.