बोअरच्या गाडीचे पाय

पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाताना वाटेत सुपा लागते. पारनेर तालुक्याचा हा भाग कायमचा अवर्षणप्रवण. उन्हाळा जवळ आला की येथील रस्त्यांवर बोअर घेणाऱ्या गाड्या दिसू लागतात. त्यांतील बऱ्याच थेट तमिळनाडूतील तिरुचेंगोडहून आलेल्या असतात. मुळात बोअर घ्यावी का, हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घालून त्याचे एक उत्तर दिले आहे. आज आपण फक्त या गाडीच्या पायांकडे पाहू.

सुप्याजवळच्या एका शेतात आम्ही अशी एक जुनी गाडी काम करताना पाहिली. शेतात उभी राहताच तिच्या पोटाखालून चार लोखंडी पाय उतरले आणि अवजड ट्रक सावकाश वर उचलला गेला. हे पाय म्हणजे हायड्रॉलिक जॅक. क्रेन, जेसीबी, परदेशात लोक ज्या घरगाड्या घेऊन हिंडतात त्या, या सर्वांच्या पोटाखाली हेच यंत्र असते.

गाडी समपातळीत कशासाठी हवी? गाडी फक्त १ अंश कललेली असली, तर ३०० फूट खोलीवर भोक सरळ रेषेपासून सुमारे सव्वापाच फूट बाजूला जाते. (त्रिकोणमिती शिकवताना १ अंशाची स्पर्शज्या ०.०१७५ घेऊन मुलांकडून हे करवून घ्यावे.) अशा तिरक्या भोकात पुढे पाण्यातला पंप घासतो, कधी अडकून बसतो.

पाया चार असणे ही सोय आहे तशी अडचणही. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांची खुर्ची डुगडुगते. कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, चौथा बिंदू त्यात असेलच असे नाही. म्हणून जॅक तिरप्या जोडीने, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा असे, उचलत नाहीत. त्याने गाडीच्या सांगाड्याला पीळ बसतो. पुढचे दोन्ही एकत्र, मग मागचे दोन्ही, असा क्रम ठेवतात. मागचे शेवटी, कारण बहुतेक ट्रकचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. उतारावर ती चाके आधी उचलली, तर ब्रेक असून नसल्यासारखा.

जॅकमागचे तत्त्व आपण शाळेत शिकवतोच. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, असे पास्कलने दाखवले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. पण त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने घेतले ते १७९५ साली. तत्त्व ठाऊक असूनही यंत्राला इतका काळ लागण्याचे एक मोठे कारण गळती हे होते. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी सुटे. ब्रामाच्या यंत्रातील ही गळती वाटीच्या आकाराच्या चामडी सीलने थांबवली, आणि त्याचे श्रेय सामान्यतः त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्लेला देतात. द्रवाचा दाबच या वाटीचे ओठ सिलिंडरला चिकटवतो. दाब जितका जास्त, तितके ते घट्ट. पास्कलचे सूत्र पाठ असलेल्या मुलाला ही वाटीची गोष्ट क्वचितच ठाऊक असते. आम्हाला वाटते, ती सूत्राइतकीच महत्त्वाची आहे.

जुन्या गाडीची देखभाल म्हणजे मुख्यतः या सीलची राखण. जॅकच्या चकचकीत दांड्यावर क्रोमियमचा थर असतो, साधारण माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही पातळ. बोअर चालू असताना काळ्या पाषाणाची बारीक भुकटी उडते व दांड्यावर बसते. दांडा तसाच आत ओढला, तर ती भुकटी सीलखाली जाऊन पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून काम संपल्यावर आधी स्वच्छ फडक्याने दांडा पुसायचा, मग पाय वर घ्यायचे. काही जण दांड्याला ग्रीस फासतात. हेतू चांगला, पण ग्रीसला धूळ अधिकच चिकटते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर दांडे आत घेऊनच ठेवावेत, नाहीतर क्रोम उडालेल्या जागी गंजाचे खड्डे पडतात आणि नवे सीलही चार दिवसांत फाटते.

तेलाची पातळी पाहायची ती सर्व पाय आत घेतल्यावर. पाय बाहेर असताना टाकी भरली, तर पाय आत घेताना जॅकमधले तेल परत येऊन टाकी उतू जाते. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी गेले आहे. जॅक स्प्रिंगसारखा दबत असेल तर त्यात हवा आहे. अशा वेळी भार न देता तो पूर्ण वर-खाली काही वेळा चालवला की हवा टाकीत निघून जाते. हाताला लागेल ते तेल ओतणे मात्र वाईट. सीलचे रबर तेल पाहून निवडलेले असते. चुकीच्या तेलाने ते फुगते वा मऊ पडते. साधे रबरबँड रात्रभर डिझेलमध्ये ठेवून सकाळी कोरड्या रबरबँडशेजारी ठेवा. वर्गाला वेगळे सांगावे लागणार नाही.

हवेचा परिणामही वर्गात दाखवता येतो. इंजेक्शनच्या एक लहान व एक मोठ्या, सुया काढलेल्या नव्या सिरिंज सलाइनच्या नळीने जोडून पाण्याने भरा. लहान दट्ट्या बोटाने दाबून मोठ्यावर ठेवलेली पुस्तके उचला. मग नळीत हवेचा मोठा बुडबुडा सोडून पुन्हा दाबा. बोटाला फरक कळतो.

एक गोष्ट मात्र प्रयोगासाठीही करू नये. होज पाइप कोठे गळतो हे हात फिरवून पाहू नये. ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंमी.ला सुमारे ८ किलो. जॅकच्या तेलाचा शंभराच्याही वर असू शकतो. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसे. पण आतले मांस नासते आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी कॉम्प्रेसर बिघडला आणि काम थांबले. गाडी रात्रभर पायांवरच उभी राहणार होती, आणि दोन मजूर तिच्याखालीच अंथरूण टाकत होते. गाडीवरच्या वयस्क मिस्त्रीने त्यांना उठवले. सांगाड्याखाली लाकडी ठोकळे रचले, तरीही त्यांना झाडाखालीच झोपायला लावले. मग चारही दांड्यांवर खडूने खुणा केल्या.

काम करून तापलेले तेल रात्री आकसते. तेलाचे आकारमान दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के बदलते. ५५ अंशांवरून १५ अंशांवर आले, तर ६० सेंमी. उंचीच्या तेलाच्या स्तंभात पावणेदोन सेंमी.ची घट होते. याला बिघाड म्हणत नाहीत. पण ती घट सर्व पायांना सारखी हवी, आणि तेल गार झाल्यावर थांबायला हवी.

सकाळी तीन पाय बोटभर उतरले होते, मागचा डावा तीन बोटे. बाहेर तेलाचा थेंब नव्हता, म्हणजे तेल आतल्या आत सरकत होते. सील बदलायचे तर जॅक उतरवावा लागतो. म्हणून मिस्त्रीने आधी इतर पायांवर आणि ठोकळ्यांवर भार घेऊन तो जॅक मोकळा केला व तेल अडवणारा लॉक व्हॉल्व्ह उघडला. आतल्या गोळीच्या बैठकीवर काळ्या दगडाचा एक कण होता, मोहरीहूनही लहान. तो पुसून व्हॉल्व्ह बसवला, हवा काढली, पुन्हा खूण केली. दुपारपर्यंत खूण हलली नव्हती.