शस्त्रापूर्वीची सुई

विशाळगडच्या जहागिरीचे ठाणे म्हणून एकेकाळी दप्तर, कचेरी आणि शिबंदी यांनी गजबजलेल्या आमच्या मलकापुरात, आणि येथून आंबा घाटापर्यंतच्या वाड्यावस्त्यांत, गाठीला शस्त्र लागले की रोग चवताळून अंगभर पसरतो, ही समजूत आजही ऐकू येते. ती घातक आहे, कारण स्तनाच्या कर्करोगात वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेवाचून रोगमुक्ती दुर्लभ. तथापि तिच्या तळाशी असलेला प्रश्न मुंबईच्या संशोधकांनी हास्यास्पद मानला नाही.

१८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने, स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी चाळून, रोगाचे बीज सर्वत्र उधळले गेले तरी मानवेल त्याच भूमीत ते रुजते, असा सिद्धान्त मांडला होता. आपल्याकडे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले, १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेतून परतल्यावर तेथे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारून उंदरांतील स्तनार्बुदाचा अभ्यास आरंभिला.

परंतु शस्त्रानेच रोग पसरतो का, या मूळ प्रश्नाचा पिच्छा पुरविला तो टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी. मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यावर शस्त्रक्रिया झाली यावर रुग्णेचे पुढील आयुष्य अवलंबून असावे, असे सुचविणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध १९९१ सालचा. त्यातूनच शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देऊन पाहण्याची कल्पना निघाली, जिचा लाभ सरसकट सर्व स्त्रियांत दिसला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी तर अधिक परखड होती: रोग आधीच दूर पसरलेल्या ३५० स्त्रियांत मूळ गाठ काढून आयुष्य वाढले नाहीच, उलट दूरच्या ठिकाणचा रोग काहीसा लवकर बळावला. स्वतः शल्यविशारद असून असा निष्कर्ष जाहीर करणे, याला मी या साऱ्या कालखंडातील सर्वांत मोठे धाडस समजतो.

दरम्यान, २०११ ते २०२२ या काळात, आरंभीच्या अवस्थेतील सुमारे सोळाशे स्त्रियांपैकी निम्म्यांना, गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे, दंतवैद्यही वापरतात ते लिडोकेन हे बधिरीकरणाचे औषध गाठीच्या भोवती टोचण्यात आले. पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग रोखून त्यांच्या स्थलांतरास पायबंद घालावा, हा त्यामागील तर्क. पाच वर्षांनी हयात राहिलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले, आणि तेही इतक्या स्वस्त औषधाने की त्याच्या जाहिरातीत कोणा कंपनीला स्वारस्य वाटू नये!

उपचारांना न जुमानणाऱ्या पेशींचा बंदोबस्त मात्र अद्याप अपुराच आहे. फुप्फुसाच्या विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या कर्करोगात गेफिटिनिब या गोळीपुढे रोग प्रथम नमतो आणि काही महिन्यांत पुन्हा उसळतो. टाटामध्येच डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळीस आरंभापासून केमोची जोड दिली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याची मध्यम मुदत आठ महिन्यांवरून सोळांवर गेली, आणि तीव्र दुष्परिणामही सुमारे दुपटीने वाढले.