वेक्टरमधलं खोडरबर

वेक्टर चित्रांत खोडरबर फार उशिरा आलं, आणि आलं तेव्हाही ते पुसत नव्हतंच.

१९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' मांडलं. पडद्यावरच्या रेषेकडे लाइट पेन रोखायचं, बटण दाबायचं, की रेषा अख्खी नाहीशी. बिंदू काढला तर त्यावर टेकलेल्या सगळ्या रेषाही जात. टोकच नाही तर रेषा राहणार कशावर? संगणकाकडे चित्र नव्हतंच. कोणता बिंदू कुठे आहे आणि कशाला जोडलेला आहे, एवढी नोंद होती; वेक्टर चित्र म्हणजे अशी नोंदच. पुढे १९८४ च्या 'मॅकपेंट'मध्ये चित्र ठिपक्यांचं असल्याने काळा ठिपका पांढरा केला की काम भागत असे. नोंदीतली अर्धी रेषा तशी पुसता येत नाही, ती नव्याने लिहावी लागते.

१९८७ मध्ये 'इलस्ट्रेटर' आलं. त्याच्या मुळाशी पोस्टस्क्रिप्टचा नियम: नंतरचा रंग आधीच्याला झाकतो. मग पळवाट सोपी. नको तो भाग पांढऱ्या चौकोनाखाली दडवायचा! कागदावर छापलं की कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याकडे 'कोरल ड्रॉ'वर लग्नपत्रिका नि फ्लेक्स करणाऱ्यांनाही ही युक्ती चांगली ठाऊक आहे. बिंग फुटतं ते रेडियमचं स्टिकर कापताना. प्लॉटरच्या पात्याला रंग कळत नाही, कडा कळतात. झाकलेली रेषाही ते कापतं आणि झाकणारा चौकोनही. देवनागरीत पंचाईत जास्त, कारण शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. अक्षरांचे आकार जोडून एक करणारं 'वेल्ड' करायचं राहिलं, तर गाडीवर लावायच्या नावाला अक्षरागणिक चिरा. एका आकारातून दुसरा वजा करणारं 'ट्रिम' हेच माझ्या मते वेक्टरचं प्रामाणिक खोडरबर.

'फ्लॅश'ची तऱ्हा मात्र वेगळी. १९९६ च्या 'फ्यूचरस्प्लॅश'मधून निघालेल्या या प्रोग्रॅममध्ये एकाच लेयरवर एका रंगाचा आकार दुसऱ्यावर ठेवून निवड सोडली, की खालचा तेवढा कापलाच जाई. 'इलस्ट्रेटर'ची सवय असलेल्याला हा आगाऊपणा वाटावा; रंगवणाऱ्या हाताला तो ओळखीचा वाटतो.

'इलस्ट्रेटर'ला खोडरबर मिळालं सीएस३ मध्ये, २००७ साली. 'इंकस्केप'ला ०.४७ आवृत्तीत, २००९ साली. दिसायला रबर, आतून ट्रिमच. आपण माउसने ओढलेला फटकारा हाच एक आकार धरला जातो. त्याची कड चित्राच्या कडांना कुठे छेदते ते शोधायचं, तिथे वक्र तोडायचे, उरलेल्या भागाभोवती नवी कड बांधायची. दोन घन बेझिए वक्र एकमेकांना ९ ठिकाणांपर्यंत छेदू शकतात, त्यामुळे हे गणित किचकट आहे. आकाराच्या मधोमध पुसलं तर भोक पडतं. ते भोकही आणखी एक बंद रेषाच, फॉन्टमधल्या 'व'च्या पोटात असते तशी. म्हणून पुसता पुसता नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, वाढत जातात आणि फाइल हलकी व्हायच्या ऐवजी बहुधा जड होते.

'इंकस्केप'मध्ये रबर लागलेली वस्तू सबंध उडवता येते किंवा तेवढाच भाग कापता येतो. नंतर तिथे 'क्लिप'ही आलं: मूळ आकार शाबूत, नको तो भाग फक्त दिसत नाही. पोस्टर करताना हे उत्तम. गिऱ्हाइकाचं मन बदललं तर सगळं परत मिळतं. कापायला द्यायच्या फाइलमध्ये मात्र ट्रिमच करावं, आणि पाठवण्याआधी रंग बंद करून नुसत्या कडा एकदा पाहून घ्याव्यात.